४१ कात्रणं आणि १८ लाखांची ‘पीआर व्हॅल्यू’: यातून आम्ही नेमकं काय कमावलं, कसं मोजायचं?

केळफूल (सावदा, जि. जळगाव)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, पण पैशाचा आहे आणि घरात त्यावरून रोज विषय निघतो, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा केळी वेफरचा धंदा आहे. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, १९९४ साली बसस्टँडजवळ एक कढई आणि एक खिसणी घेऊन सुरुवात केली. आज सावदा, भुसावळ आणि जळगाव अशी तीन दुकानं आहेत, घरामागे कारखाना आहे, हंगामात बावीस बायका कामाला असतात. नाशिक-पुण्यातले आठ दुकानदार आमचा माल घेतात. आप्पांचं म्हणणं, “माल बोलतो.” माझं म्हणणं, बोलतो, पण ज्याने खाल्ला त्याच्याशीच. ज्याने अजून तोंडात घातला नाही त्याला कोण सांगणार?

म्हणून माझ्याच हट्टाने २०२५ च्या जूनपासून नोव्हेंबरपर्यंत एका एजन्सीला पीआरचं, म्हणजे पेपरात बातम्या आणून नाव करायचं, काम दिलं. महिना ३५ हजार, सहा महिन्यांचे २ लाख १० हजार. ठरवताना मी स्पष्ट सांगितलं होतं की पुणे आणि नाशकात आमचं नाव व्हायला पाहिजे, तिथे दुकानदार वाढले पाहिजेत.

काम संपल्यावर त्यांनी जाडजूड फाइल आणून दिली. प्लॅस्टिकच्या पानांत ४१ कात्रणं, प्रत्येकाखाली एक रक्कम, शेवटच्या पानावर बेरीज: १८ लाख ६० हजार. “ताई, दोन लाखांत अठरा लाखांची पब्लिसिटी.” त्या दिवशी मला खरंच बरं वाटलं. रात्री फाइल घेऊन बसले आणि एकेक कात्रण वाचायला लागले. एक होतं क्रिकेट स्पर्धेच्या बक्षीस समारंभाचं, पाव पानाची बातमी. त्यात आमचं नाव शेवटच्या ओळीत, अकरा प्रायोजकांच्या यादीत सातवं. खाली रक्कम मात्र पाव पानाची. दुसरं एक होतं केळीचे भाव पडल्याचं. शेतकरी रडतोय आणि वेफरवाले स्वस्तात माल उचलतायत, असा त्याचा सूर, शेजारी आमच्या कारखान्याचा फोटो. तेही धरलं होतं, २ लाख ६४ हजारांना. ज्या शेतकऱ्यांकडून आम्ही वर्षानुवर्षं माल घेतो, त्यांच्यापुढे मान खाली गेली ती बातमी, आणि आमच्या फाइलमध्ये ती कमाई!

४१ पैकी ३६ कात्रणं जळगाव आवृत्तीची आहेत. पुण्याचं एक, नाशिकचं एकही नाही.

एजन्सीचं उत्तर असं की जुलैची विक्री आदल्या वर्षीच्या जुलैपेक्षा २७ टक्क्यांनी वाढली, आणखी काय पाहिजे? हा आकडा खरा आहे, आमच्याच बिलांवरून काढलाय. म्हणून मी अडकले आहे. पुढच्या सहा महिन्यांचा करार समोर आहे. पीआरचं यश मोजतात कसं? आणि आमच्यासारख्या गावच्या नावावर चालणाऱ्या धंद्याने मुळात काय करायला हवं?

भुसावळ_जंक्शन

ताई, माझी खानावळ आहे. शेवभाजी, भाकरी, वांग्याच्या दिवसांत भरीत. मी एजन्सीबिजन्सी कधी लावली नाही, पण कात्रणाला अगदी मोडीत काढू नका. २०१९ मध्ये आमच्या खानावळीवर एका पुरवणीत अर्धं पान आलं होतं. गिऱ्हाईक आठ दिवस वाढलं, नवव्या दिवशी पहिल्यासारखं. पण वर्षभराने कर्जासाठी बँकेत गेलो तेव्हा साहेबांनी फाइलमध्ये ते पान बघितलं आणि बसायला खुर्ची दिली. मुलीच्या सोयरिकीला पाहुणे आले त्यांनीही भिंतीवरचं पान उभं राहून वाचलं. हे गल्ल्यात दिसत नाही, पण आहे. तुमची वेफर गाडीत बसायच्या आधी घेणारे लोक आमच्या गावात रोज असतात, तेवढं ध्यानात ठेवा.

जुना_डेस्कवाला (धुळे)

केळफूल ताई, मी १९ वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो, जिल्हा पानं लावायचो. नंतर सात-आठ वर्षं दुकानदार आणि शिक्षणसंस्थांसाठी हेच काम केलं. म्हणजे बातमी देणारा आणि बातमी कापणारा, दोन्ही बाजूंना बसलोय. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही.

आधी त्या अठरा लाखांचं बघू. त्या शेतकऱ्यांच्या बातमीची रक्कम कशी काढली असेल सांगतो. बातमीची जागा मोजायची, समजा ४०० चौरस सेंटीमीटर. त्या पानाचा जाहिरातीचा दर धरायचा, समजा चौरस सेंटीमीटरला २२० रुपये. झाले ८८ हजार. मग ‘बातमीवर लोक जाहिरातीपेक्षा जास्त विश्वास ठेवतात’ म्हणून त्याला तिनाने गुणायचं. २ लाख ६४ हजार. तुमचा आकडा बरोब्बर जुळतो, बघा. हे तीन कुठून आले? कुठूनही नाही. बातमी चांगली की वाईट, तुमचं नाव पहिल्या ओळीत की शेवटच्या, वाचणारा तुमचं गिऱ्हाईक की नाही, यातलं काहीच या हिशेबात येत नाही. या पद्धतीला एव्हीई म्हणतात, जाहिरात-मूल्याशी बरोबरी. २०१० साली बार्सिलोनात या क्षेत्रातल्या जगभरच्या लोकांनी बसून तत्त्वं ठरवली, त्यात सरळ लिहिलं की एव्हीई म्हणजे जनसंपर्काचं मूल्य नव्हे. त्यालाही पंधरा वर्षं झाली. आपल्याकडे फाइल अजून तशीच बनते, कारण मालकाला बेरीज आवडते.

आता २७ टक्के. तुम्ही श्रावण बघितला का? केळी वेफर हा उपासाचा माल. २०२४ मध्ये श्रावण ५ ऑगस्टला लागला. २०२५ मध्ये २५ जुलैला. म्हणजे श्रावणाचा पहिला आठवडा आणि दुकानदारांनी त्याच्या आधी भरून ठेवलेला माल, दोन्ही या वेळी जुलैत आले, आदल्या वर्षी ते ऑगस्टात होते. जुलैला जुलै लावला तर वाढ दिसणारच, एजन्सी असो नसो. एकदा तिथीला तिथी लावून बघा: २०२५ चा २५ जुलै ते २३ ऑगस्ट, समोर २०२४ चा ५ ऑगस्ट ते ३ सप्टेंबर. आणि रुपयांत नको, किलोत बघा. हेही आत्ताच सांगून ठेवतो, २०२६ ला अधिक ज्येष्ठ आहे, श्रावण थेट १३ ऑगस्टला लागतोय. येत्या जुलैत तुमची विक्री पडलेली दिसेल आणि त्या वेळी ज्याच्याकडे काम असेल त्याला उगाच शिव्या बसतील. आपल्या भागात किराणा, कापड, सोनं, मिठाई, काहीही विकणाऱ्याने इंग्रजी महिन्याने तुलना करू नये. लग्नाच्या तिथी आणि सणवार महिने ओलांडतात.

मग मोजायचं काय? मी लोकांना एकच सांगतो: पैसे द्यायच्या आधी एका वाक्यात लिहून काढा की कोणाच्या मनात काय बदलायला पाहिजे आणि त्यावरून त्याने काय करायला पाहिजे. तुम्ही तोंडी सांगितलं होतं, पुणे-नाशकातले दुकानदार. ते करारात उतरलं नाही. म्हणून एजन्सीने जिथे तिच्या ओळखी आहेत तिथे बातम्या लावल्या. जळगाव आवृत्तीतल्या ३६ बातम्या कोथरूडच्या दुकानदाराने कुठून वाचाव्यात?

वाक्य लिहिलं की मोजणी आपोआप ठरते. दुकानदार वाढवायचे असतील तर महिन्याला किती जणांनी आपणहून फोन केला, त्यातल्या किती जणांनी माल उचलला, आणि किती जणांनी दुसऱ्या महिन्यात पुन्हा मागवला. हा तिसरा आकडा खरा. पहिल्यांदा माल कोणीही ठेवतो, पुन्हा मागवतो तो गिऱ्हाइकाने मागितलं म्हणूनच. फोनसाठी एक वेगळा नंबर घ्या आणि तो फक्त पुण्याच्या बातम्यांत आणि पत्रकांत द्या. गुगलवर तुमच्या दुकानाचं पान असेल तर तिथून किती जणांनी फोन लावला आणि किती जणांनी रस्ता विचारला, ते दर महिन्याला फुकट दिसतं. बहुतेक दुकानदार ते कधी उघडूनही बघत नाहीत.

नाव किती लोकांना माहीत आहे ते मोजायचं असेल तर काम सुरू होण्याआधी मोजा. नंतर मोजून उपयोग नाही. नाशकात एखाद्या बाजारात शंभर लोकांना विचारा, “केळी वेफर म्हटलं की कोणाचं नाव आठवतं?” तुमचं नाव तोंडात घालू नका, पाकीट दाखवू नका. सहा महिन्यांनी त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा विचारा. आणि शंभरात सातचे अकरा झाले तर पेढे वाटू नका, एवढा फरक नुसती माणसं बदलली तरी पडतो. सातचे पंचवीस झाले तर मानायचं.

दुकानात एक वही ठेवा. माझ्या हाताखालून गेलेल्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा. पैसे घेताना एकच प्रश्न: “पहिल्यांदा आमचं नाव कुठे ऐकलंत?” उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहायचं. खुणा करायला तयार रकाने आखले की गल्ल्यावरचा पोरगा घाईत पहिल्याच रकान्यात खूण करत सुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

शिवाय एक गाव कोरं सोडा. सहा महिने भुसावळात कुठलीही प्रसिद्धी करू नका, फक्त जळगावात करा. दोन्हीकडे श्रावण तोच, ऊन तेच, केळीचा भाव तोच. मग दोन दुकानांच्या वाढीत जो फरक पडेल, त्यातला काही भाग तरी त्या कामाचा म्हणता येईल.

डेस्कवरच्या अनुभवाची एक गोष्ट बोलू द्या, ती मला जवळची आहे. आमच्या टेबलावर रोज ढीगभर प्रेसनोटा यायच्या. ‘अमुक दुकानाचा शानदार शुभारंभ’ ही बातमी नसते, जागा उरली तर भरायला असते. पैसे देऊन ती बातमी म्हणून छापून आणणं तर त्याहून वाईट, आणि वाचकाला ते कळतं. तुमच्याकडे खरी बातमी आहे. रावेर-यावलचा प्रत्येक शेतकरी रोज बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव बघतो. तुम्ही कच्ची केळी काय भावाने घेता तो भाव रोज सकाळी कारखान्याच्या दारात फळ्यावर लिहा आणि त्याचा फोटो शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. सहा महिन्यांनी कोणी ‘वेफरवाल्यांची चांदी’ लिहायला निघाला तर शेतकरीच त्याला फळ्याचा फोटो दाखवतील.

शेवटी एक विचारतो. या सहा महिन्यांत धंद्यावर काही बालंट आलं होतं का? कारण नाव किती कमावलं ते अडचणीच्या वेळी कळतं.

केळफूल

काका, आज दिवसभर बिलं काढून बसले होते. तिथीला तिथी लावली. रुपयांत वाढ ६ टक्के. आणि मे महिन्यात आम्ही ८० रुपयांचं पाकीट ८५ ला केलं होतं, म्हणजे दरवाढच सव्वासहा टक्क्यांची. किलोत बघितलं तर जिथल्या तिथे. यांना दाखवलं, दोघंही बराच वेळ काही बोललो नाही.

बालंटाचं विचारलंत. हो, सप्टेंबरमध्ये आलं होतं. एक व्हिडिओ फिरला, कोणाच्या तरी कढईतलं काळं तेल आणि खाली आमचं नाव. कढई आमची नव्हतीच, आमच्या भट्टीला मागे निळी फरशी आहे, व्हिडिओत विटांची भिंत होती. पण ते कोण बघतो! दोन दिवसांत नाशकाच्या दोन दुकानदारांनी माल परत पाठवला. एजन्सीने लगेच प्रेसनोट तयार केली, ‘प्रतिमा मलिन करण्याचा कट’ वगैरे. आप्पांनी ती वाचली आणि म्हणाले, “हे पाठवू नको. ज्याला शंका आहे त्याने सकाळी सात वाजता यावं आणि डबा फोडताना बघावं.” तसंच व्हॉट्सॲपवर टाकलं. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाऱ्याला तेलाची नोंदवही ठेवावीच लागते, ती आमच्याकडे होतीच. तिच्या मागच्या महिन्याच्या पानांचे फोटो टाकले. तळलेल्या तेलात पोलर घटक, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होतं तसे त्यात वाढत जाणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही, हा नियम २०१८ पासून आहे. ते मोजायचं यंत्र आणलं आणि संध्याकाळचा आकडा दारातल्या फळ्यावर लिहायला लागलो. अजूनही लिहितो. काल १४ होता.

पहिल्या सकाळी अकरा जण आले. त्यात फैजपूरचे एक गुरुजी होते. त्यांनी आप्पांना तेल ओतताना, केळी सोलताना, खिसणी कढईवर धरून थेट तेलात काप सोडताना चित्रित केलं आणि स्वतःच्या आवाजात चार वाक्यं बोलून ग्रुपवर टाकलं. तो व्हिडिओ पहिल्या व्हिडिओच्या पुढे गेला. दोन्ही दुकानदारांनी पंधरा दिवसांत परत माल मागवला. एका आजींनी भुसावळच्या दुकानात येऊन यांना सांगितलं, “तुमना आप्पाले मी मोबाईलमा दखं.”

तुमचा प्रश्न वाचल्यावर पुन्हा फाइल उघडून बघितली. यातलं एक अक्षर तिच्यात नाही, कारण कात्रण नव्हतं.

अमळनेरकर

उशिरा लिहितोय. केळफूल ताईंच्या दुसऱ्या प्रश्नावर फारसं कोणी बोललं नाही: गावच्या नावावर चालणाऱ्या धंद्याने काय करायचं.

आमचं गाव घ्या. साने गुरुजींनी इथल्या प्रताप हायस्कुलात शिकवलं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये इथल्या वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. २०२४ च्या फेब्रुवारीत ९७ वं साहित्य संमेलन प्रताप महाविद्यालयाच्या आवारात भरलं. तीन दिवस आमचं नाव महाराष्ट्रभर होतं. माझं चटणी-मसाल्याचं दुकान आहे, त्या तीन दिवसांत एरवीच्या महिनाभराचा माल गेला. मी समजलो आता नाव झालं. पण पाकिटावर मी मोठ्या अक्षरात ‘अमळनेर’ लिहिलं होतं आणि दुकानाचं नाव बारीक. नंतर फोन आले ते “अमळनेरचा मसाला कुठे मिळेल?” असे, आणि तो ज्याचा हाताशी आला त्याचा लोकांनी घेतला. गावाची कीर्ती सगळ्या गावाची असते. तिच्यातून आपल्या वाट्याला काय आलं, ते लोक काय नावाने मागतात यावरून कळतं. ताई, तुमच्या वहीत हेही लिहून घ्या: गिऱ्हाईक “जळगावचे वेफर द्या” म्हणालं की तुमचं नाव घेऊन म्हणालं.

आणि एक काळजी. ‘जळगाव केळी’ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, भरिताच्या वांग्यालाही. पण ती नोंद फळाची आहे, वेफरची नाही, आणि ते नाव अधिकृतपणे वापरायला वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. एजन्सीवाले उत्साहाच्या भरात पाकिटावर ‘जीआय मानांकित’ छापायला सांगतात. छापू नका. टंचाईत बाहेरची केळी एक दिवस जरी कढईत गेली, तरी ज्या नावावर हजारो शेतकऱ्यांचं पोट आहे त्यालाच बट्टा लागतो.

केळफूल

अमळनेरकर दादा, पाकिटावर तो मजकूर छापायचा ठरलाच होता. आज प्रिंटरला फोन करून थांबवला.

नवा करार सध्या बाजूला ठेवलाय. एजन्सीला सांगितलं की काम करायचं असेल तर उद्दिष्ट एकच, पुण्यात दुसऱ्या महिन्यात परत माल मागवणारे दहा दुकानदार, आणि अहवालात रुपयांत एकही कात्रण नको. ते विचार करून कळवतो म्हणाले. केळीच्या भावाचा फळा सोमवारपासून लागला. पहिल्याच दिवशी एका शेतकऱ्याने विचारलं, “उद्या भाव पडला तरी लिहिणार ना?” हो म्हटलं.

वहीचा पहिला आठवडा आज संपला, भुसावळ आणि जळगाव मिळून. नवी गिऱ्हाइकं १३२. पेपरात वाचलं म्हणणारे ४. नातेवाइकांकडे खाल्ले होते म्हणणारे ५८. गुरुजींचा व्हिडिओ बघितलेले १७, तीन महिन्यांनंतरही. बाकी दुकान दिसलं म्हणून आत आलेले. पण काका, तुम्ही त्यांच्याच शब्दांत लिहा म्हणालात म्हणून एक गोष्ट सापडली, जी रकान्यांत कधीच दिसली नसती. त्या ५८ मधल्या २३ जणांच्या ओळीत सुरत आहे. “सुरतला मामांकडे”, “लिंबायतला आत्या राहते तिकडे”, “उधन्याहून भाऊ येतो तो नेतो”. म्हणजे इथून पाकिटं नेणारी आपलीच माणसं तिकडे आमचं नाव सांगतायत. सुरतला आमचा एकही दुकानदार नाही.

शनिवारी रात्रीच्या गाडीने मी आणि हे उधन्याला निघालोय. सोबत दोन पोती माल आणि एक कोरी वही आहे.